गंजलेली पुली आणि एक कोयता

दुष्काळात सोसायटीच्या जुन्या ट्रॅक्टरची पुली तडकली आणि त्यावर चालणारा विहिरीचा पंप बंद पडला. नवी पुली आणली, पण जुनी आट्यांवर गंजून बसलेली. चेअरमन सुंदररावांनी ट्रॅक्टर भंगारात काढायचं ठरवलं.

पुली काढून दाखवतोच म्हणत ऊसतोड्या शहादेव हटून बसला. त्यानं निखाऱ्यांनी पुली तापवली, तिला साखळी आवळून लांब पाइप अडकवला आणि बायकोला, मंजुळाबाईला, हाक मारली.

सुंदरराव हसले. "गडी संपले का बे? बाईला काहून बोलावलं?"

"गडी आपापल्या तालावर वढतेत, चेअरमनसाब. मुकादम आमा दोघांना मिळून एक कोयता म्हणतो. आमचा जोर एकच हाय."

"पुली निघाली तर ट्रॅक्टर इकायचा न्हाई, बोला!" मंजुळाबाईनं पदर खोचला.

"न्हाई इकत. काढ तर आधी!"

मोळी उचलताना धरतात तसा दोघांनी श्वास धरला. शहादेवचा पाय घसरला, तरी तिनं पाइप सोडला नाही. पुली करकरली, बोटभर फिरली.

"थांबू नको, गार झाली की परत धरंल!" तो ओरडला.

पुली निघाली. मंजुळाबाईनं ती गोणपाटात धरून सुंदररावांच्या पुढ्यात आदळली.

"ही घाला भंगारात."