मेधाताईने सही केली नाही

ज्या कंपनीने मेधाताईला हाकललं, त्याच कंपनीने काल आपल्या पेजवर तिच्या फोटोला हार घातला.

'कन्व्हर्जन्सच्या पायोनियर' म्हणे, म्हणजे लँडलाइन आणि मोबाइल एकत्र आणणारी पहिली. खाली हात जोडलेले इमोजी.

तिथे कमेंट टाकली असती तर तोंडून शिवी गेली असती. म्हणून इथे लिहितेय.

मेधाताई परवा गेली.

मूळची सांगलीची. मिस्टरांची बँकेत बदली झाली म्हणून जयपूरला आली आणि मालवीय नगरमधल्या आमच्या टेलिफोन कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर म्हणून लागली. मी तिच्या हाताखाली. माझा नवरा फौजेत, त्याचं पोस्टिंग तिथे. अख्ख्या ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच.

दोन हजार सात-आठची गोष्ट. मोबाइल घराघरांत शिरत होता, लोक लँडलाइन काढून टाकत होते. कंपनीत दोन्हींची खाती वेगळी, साहेब वेगळे, केबलसुद्धा वेगळी.

झोटवाड्यातला एकच रस्ता आमच्याच कंपनीने दोनदा खणला! आधी लँडलाइनवाल्यांनी, तो बुजतो न बुजतो तोच मोबाइलवाल्यांनी. दुकानदार आम्हाला वाट्टेल ते बोलायचे. बरोबरच होतं त्यांचं.

ताई प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायची, एकच फायबर टाका. घरचा फोन, इंटरनेट, मोबाइलचा टॉवर, सगळं त्याच्यावर चालवा.

"मॅडम, लँडलाइन तो बूढ़ों की चीज़ है." एखादे साहेब म्हणायचे, आणि हशा.

मग गुडगावहून कन्सल्टंट आले. त्यांच्या स्लाइडवर अगदी तेच. वर मोठ्ठं हेडिंग, 'मार्केट ट्रेंड'. आता मात्र टाळ्या!

मी धुमसत होते. ताई म्हणाली, "कुणाच्या का तोंडून होईना, होतंय ना? चल, कामाला लाग."

सुरुवात प्रताप नगरच्या एका कॉलनीपासून करायची ठरली.

इथे जरा समजावून सांगते, कारण सगळं इथेच बिघडलं.

जुन्या लँडलाइनला वीज एक्सचेंजमधून, तारेतूनच यायची. घरातली लाइट गेली तरी फोन चालू. नव्या पद्धतीत कॉलनीत रस्त्याकडेला एक पेटी बसणार. घरचे फोन त्या पेटीतून, टॉवरची लाइनही त्याच पेटीतून. आणि पेटीला वीज कॉलनीचीच. म्हणून ताईने डिझाइनमध्ये मोठ्या बॅटऱ्या घेतल्या होत्या.

साहेबांनी बॅटऱ्या उडवल्या. खर्च वाढतो, आणि उद्घाटन तिमाही संपायच्या आत हवं.

"मॅडम, आजकल सबके पास मोबाइल है. लाइट गई तो मोबाइल से बात कर लेंगे."

"सर, मोबाइल का टावर भी तो उसी पेटी पर है."

"आप बहुत निगेटिव हो रही हैं. साइन कीजिए."

"नहीं करूँगी."

आवाज चढवला नाही तिने. पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं आणि उठली.

सही दुसऱ्या कुणीतरी केली. जुनी तांब्याची लाइन बंद झाली. फीत कापली, पेढे वाटले.

मे महिन्यात एका संध्याकाळी आंधी आली, तिकडचं धुळीचं वादळ. लाइट गेली. थोड्याच वेळात ती पेटी बंद पडली. घरचे फोन गेले, मोबाइलवरही नेटवर्क नाही. अख्खी कॉलनी मुकी झाली.

त्याच वेळी तिथल्या रिटायर्ड माथुर अंकलना अर्धांगाचा झटका आला.

आंटींनी फोन उचलला. आवाज नाही. शेजाऱ्यांचे मोबाइल पाहिले. काही नाही. साठीच्या पुढची ती बाई धुळीत धावत मेन रोडवर गेली, एका ऑटोपुढे आडवी उभी राहिली.

अंकल वाचले. पण उशीर झाला होता. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं.

आणि कंपनी काय म्हणाली? 'नैसर्गिक आपत्ती.'

आतल्या मीटिंगमध्ये तर कमाल. "डिज़ाइन तो मेधा मैडम का ही था ना?"

नंतर दोन्ही खाती एक झाली. म्हणजे जे ती इतकी वर्षं मागत होती, तेच. आणि एक झाल्यावर ताईची पोस्ट 'डुप्लिकेट' निघाली.

असं हाकललं तिला.

दुसरी कुणी असती तर घरी बसली असती. ताई सरळ माथुरांकडे गेली. मी सोबत होते. चहासुद्धा घेतला नाही. आंटींना म्हणाली, "आँधी की वजह से नहीं हुआ. बैटरी नहीं लगाई, इसलिए हुआ. आप केस कीजिए, मैं गवाही दूँगी."

आंटी म्हणाल्या, "आपकी नौकरी?"

"वो तो गई."

ग्राहक मंचात ती साक्षीला उभी राहिली. कंपनीच्या वकिलाने तिला 'काढून टाकलेली, चिडलेली बाई' म्हटलं. ती म्हणाली, "चिढ़ी हुई तो हूँ. पर मैं जो कह रही हूँ वो झूठ हो तो दिखाइए."

निकाल आंटींच्या बाजूने लागला. त्यांना भरपाई मिळाली आणि पेटीत बॅटऱ्या बसल्या.

ताईला मात्र त्यानंतर जयपूरच्या एकाही टेलिकॉम कंपनीने दारात उभं केलं नाही. इतकी हुशार बाई! शेवटपर्यंत कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवत राहिली. हे त्या काल हार घालणाऱ्यांना माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

निकालानंतरच्या उन्हाळ्यात पुन्हा मोठी आंधी आली. लाइट गेली. मी ताईच्या घरी होते, ती खिडक्या लावत होती. फोन वाजला.

माथुर आंटी होत्या.

"यहाँ भी लाइट नहीं है, मेधा जी. बस बताना था, फ़ोन चल रहा है."

ताईने रिसीव्हर ठेवला, खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. तिला रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

ताई, शांत झोप. तुझ्या वाट्याचा राग मी सांभाळते.

तुझी,
अनघा