कोरड्या छपराची गाडी

वेर्ला स्ट्राउडला आयुष्यभर उताराची धास्ती होती. तिचा नवरा ड्वेन एकतीस वर्षं घाटातून ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. हिवाळ्यात शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून घरी आली, की ती खिडकीशी उभी राहून त्याच्या इंजिनाच्या आवाजाची वाट बघायची. आवाज कानावर आला की मगच बटाटे उकळायला टाकायची.

ड्वेनचा ट्रक कधी उलटला नाही. डोळ्यांनी मात्र दगा दिला. नजरेचा मधला भाग पुसल्यासारखा झाला, कडेकडेचं तेवढं दिसायचं. समोरच्याचा चेहरा बघायचा, तर त्याच्या कानाकडे बघावं लागे. मुलगी आणि दोन वर्षांची नात दूर बॉइझी शहरात. गेल्या ईस्टरला त्यांना भेटायला गेले, तेव्हा मोटेलच्या न्हाणीघरात ड्वेन पडला आणि तीन बरगड्या मोडून घेतल्या.

"घरात मी आंधळा नसतो," तो परत आल्यावर म्हणाला. "कप कुठं, दार कुठं, सगळं हाताला ठाऊक असतं. परक्या खोलीत गेलो की संपलं."

म्हणून मोटरहोम, म्हणजे पलंग-शेगडीसकट चाकांवरचं घर, घ्यायचं ठरलं. वर्षातून तीन-चार खेपा, त्यासाठी नवी गाडी परवडणं शक्यच नव्हतं. जुनी बघायची. आणि चालवणार कोण? वेर्ला, जिनं छोट्या मोटारीपलीकडे कशाला हात लावला नव्हता.

"मला नाही जमायचं."

"अगं, दीडशे पोरांचं जेवण रोज अकराच्या ठोक्याला तयार ठेवतेस."

"सूपची पातेली घाटावरून घरंगळत नाहीत, ड्वेन."

पहिली गाडी त्यांनी लुइस्टनला बघितली. चकचकीत पांढरी, आणि विकणारा साखर पेरत बोलणारा. ड्वेननं वेर्लाला बजावून ठेवलं होतं, "रंगावर जाऊ नकोस. कोपरे दाबून बघ. यंत्र दुरुस्त होतं, कुजलेलं घर होत नाही." पलंगाच्या वरचा कोपरा तिनं दाबला, तर अंगठा केकमध्ये रुतावा तसा आत गेला. मालक म्हणाला, "थोडी ओल आहे, बाई, उन्हाळ्यात वाळेल." दोघं तडक बाहेर पडली.

दुसरी ग्रेंजव्हिलला, आर्डेन प्रुइट नावाच्या, गहू पिकवणाऱ्या म्हाताऱ्याच्या कोठारात होती. सव्वीस वर्षांची, अंगावर तपकिरी पट्टा, पडदे बघवत नव्हते. आर्डेनची बायको वारल्यापासून चार वर्षं गाडी हलली नव्हती. वेर्ला शिडीवरून छपरावर चढली. एकेक सांधा तिनं बोटानं चाचपला. मग कपाटं उघडून वास घेतला, जमिनीवर कोपऱ्याकोपऱ्यात टाच आपटली. सगळं खडखडीत कोरडं. शेगडी पेटली, फ्रीज गार झाला. टायर जुने होते, ते बदलून द्यायला म्हातारा कबूल झाला.

"ब्रेक कसे आहेत?" ड्वेननं विचारलं.

"माझ्या बायकोपेक्षा जास्त ऐकतात," आर्डेन म्हणाला, आणि मग घसा खाकरला. "म्हणजे... ती होती तेव्हा ऐकायचे."

चालवून बघायला निघाले. चाकाशी वेर्ला, शेजारी ड्वेन, आर्डेन मागच्या सोफ्यावर. चढ संपला आणि व्हाइट बर्ड घाटाचा उतार समोर आला. सात मैलांची सलग घसरण, तळाशी नदीची खोल दरी. वेर्लानं ब्रेकवर पाय ठेवला तो ठेवलाच.

"पाय उचल," ड्वेन म्हणाला. "दाबायचं, सोडायचं. सारखा धरून ठेवू नकोस."

ऐकू येत होतं, पण पाय उचलेना. दोन मैलांवर जळका वास आला. ड्वेननं मान वर केली. वळणापाशी तिनं जोर दिला, तर पायाखालची पट्टी लोण्यात गेल्यासारखी थेट तळाला टेकली.

"ड्वेन! ब्रेक नाहीत!"

मागून आर्डेनचा आवाज आला, "काय म्हणाली ती?"

"गप्प बसा!" ड्वेन म्हणाला. मग अगदी हळू, "वेर्ला, गिअरची दांडी एक घर खाली ओढ."

"गाडी उलटेल!"

"नाही उलटायची, इंजिन तिला मागं धरेल. ओढ."

तिनं ओढली. इंजिन असं किंचाळलं, की आता फुटणार असंच तिला वाटलं. उजवीकडे लोखंडी कठडा, कठड्यापलीकडे नुसती हवा. आपण काहीतरी पुटपुटतोय एवढंच तिला कळत होतं. ती मुलीचं नाव घेत होती.

"किंचाळू दे इंजिनाला. काय दिसतंय?"

"वळण. डावं."

"त्यानंतर उजव्या हाताला खडीचा चढ आहे, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी. तिथं घुसायची वेळ येणार नाही, पण आहे हे लक्षात ठेव. आवाज उतरलाय. आता आणखी एक घर खाली."

त्याला रस्ता दिसत नव्हता. पण एकतीस वर्षांत त्या उताराचं प्रत्येक वळण त्याच्या पाठीत बसलं होतं. वेग ताशी पंचवीस मैलांवर आला, मग विसावर. रस्त्याची कडा रुंद झाली तिथं वेर्लानं गाडी खडीत घातली आणि हातब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी करकरली, थरथरली आणि थांबली. पुढच्या चाकांतून निळसर धूर येत होता.

वेर्ला खाली उतरली आणि रस्त्याकडेला बसून ओकली. आर्डेन पांढराफटक पडून दाराशी उभा होता.

"मी खोटं नाही बोललो हो," तो म्हणाला. "चार वर्षांत मी हात लावला नव्हता. ब्रेकचं तेल जुनं झालं असणार. आता ही गाडी कुणालाच विकायची नाही. भंगारात घालतो."

वेर्लानं तोंड पुसलं.

"ब्रेक नवे बसवता येतात ना?"

"येतात की," ड्वेन म्हणाला. "पण अगं..."

"छप्पर कोरडं आहे. तळ कोरडा आहे. आणि पाय मीच उचलला नव्हता." ती आर्डेनकडे वळली. "ब्रेक तुम्ही करून द्या. मी घेते."

ड्वेननं तिच्या कानाकडे बघितलं. "ठरलं नक्की?"

"नाही रे. पण दुसरी बघायला गेलो, तर माझी हिंमतच व्हायची नाही."

नवे ब्रेक, नवे टायर बसले आणि जूनमध्ये पहिली खेप निघाली. घाटमाथ्यावर वेर्लानं गाडी बाजूला घेतली आणि वीस मिनिटं चाक धरून नुसती बसून राहिली. ड्वेननं घाई केली नाही. मागच्या ओट्यावरून, न चाचपडता, त्यानं थर्मास आणला आणि कॉफी ओतली. एक थेंबही सांडला नाही. मग तिनं दांडी खालच्या घरात ओढली आणि विसाच्या वेगानं सात मैल उतरली. मागे मोटारींची रांग लागली होती, भोंगे वाजत होते. एक ट्रकवाला ओरडून गेला, "आजी, शर्यत आहे का?" तिनं वळूनही बघितलं नाही.

बॉइझीला पोचल्यावर तिची बोटं तासभर सरळ होईनात. ड्वेन मात्र गाडीच्या दारातच बसून नातीला मांडीवर घेऊन तिच्या कानाकडे बघत होता, म्हणजे त्याला तिचा चेहरा दिसत होता.

त्यानंतर त्यांच्या सात खेपा झाल्या. धास्ती काही गेली नाही. निघायच्या आदल्या दिवशी वेर्लाला घास गिळवत नाही. ती ब्रेकचं तेल बघते, टायर हातानं चाचपते, आणि निघते.