उजवं बोट

रविवारी दुपारी दुकानाचं शटर ओढलं की मी पिशवीत फोनचा स्टँड आणि कॉलरला लावायचा छोटा माईक टाकते आणि बाहेर पडते. धाराशिवला माझं औषधांचं दुकान आहे. पण स्वतःच्या खिशातून पुस्तकं छापणारी, स्वतःच्या चाली बांधणारी माणसं शोधायची, त्यांच्याशी बोलायचं आणि ते यूट्यूबवर टाकायचं, हा नाद मला काही वर्षांपूर्वी लागला. बघणारे थोडेच. त्यातही निम्मे त्या कलावंताचे पाहुणेरावळे.

मी विचारते ते साधंच असतं. कुठं बसून लिहिता, चाल आधी सुचते की शब्द, पहिल्यांदा कुणाला ऐकवता. घरचे काय म्हणतात, हे मी शेवटी विचारते. त्यानंतर बहुतेक वेळा दुसरं काही विचारता येत नाही.

मुरुमच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या तरुण मास्तरांनी मला आपली कादंबरी पाठवली. सोलापूरच्या प्रेसमधून स्वतःच छापून आणलेली. गोंधळ्याच्या घरात वाढलेल्या मुलाची गोष्ट. मी ती दोन बैठकांत वाचून काढली आणि त्यांना फोन केला.

"ताई, माझी एकट्याची मुलाखत नका घेऊ," ते म्हणाले. "आप्पांनाही बसवू. एकाच घरातला लेखक आणि वादक. लोक आवडीनं बघतील."

आप्पा म्हणजे त्यांचे वडील. तुळजापूरचे गोंधळी. त्यांचा संबळ मी लग्नाकार्यांत ऐकलेला होता. जुनेच ठेके वाजवता वाजवता ते मध्येच स्वतःचं काहीतरी घुसवायचे आणि जेवणावळीतली माणसं पंगतीतून मान वर करून बघायची.

"आप्पांना पुस्तकात काय आहे ते माहीत आहे ना?" मी विचारलं. कारण कादंबरीतलं एक पान वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

"त्यांना सगळं माहीत आहे," मास्तर म्हणाले.

तुळजापुरात लॉजच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. वरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. आईनं चहा आणला आणि ती दाराच्या चौकटीला टेकून बसली. आप्पांनी आधी संबळ वाजवून दाखवला, मग बोलायला लागले. बोलायला माणूस मोठा गोड. म्हणाले, "म्या एका जागी बसून काय बसवत न्हाय. रस्त्यानं चालायला लागलो की पाय ताल धरत्यात. हात मागनं येत्यात." मी हसले. ते मघापासून पोरासोरांना गोष्ट सांगावी तसं सांगत होते.

मग मास्तर म्हणाले, "मी एक पान वाचतो." पानात आधीच खूण घातलेली होती.

तेच पान होतं ते. यजमानाच्या दारात मुलाचा ताल चुकतो. घरी आल्यावर बाप त्याला हात दगडी पायरीवर ठेवायला लावतो आणि संबळाच्या सरळ काडीनं त्याच्या डाव्या हाताची तर्जनी मोडतो. आई घरात नसते. मास्तर एकही शब्द न गिळता वाचत होते. वर्गात धडा वाचावा तसं. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि बापाकडं बघत राहिले. तेव्हा मला कळलं, की आप्पांनी हे आज पहिल्यांदाच ऐकलंय, आणि माझा फोन समोर असावा, ही मास्तरांचीच योजना होती.

"कुणाचं लिवलंस ह्ये?" आप्पांनी विचारलं.

"एका गोंधळ्याच्या पोराचं. कादंबरी आहे."

"आपलंच हाय की," आप्पा म्हणाले. "पर चुकलंय. डावं न्हवतं, उजवं व्हतं."

असं म्हणून त्यांनी लेकाचा उजवा हात धरला आणि फोनसमोर उचलून दाखवला. तर्जनी मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेली होती. बाजारात वस्तू उलटीपालटी करून दाखवतात तशी त्यांनी ती फिरवून दाखवली. मास्तरांनी हात सोडवून घेतला नाही.

"काका, हे खरंच झालं होतं?" मी विचारलं.

"व्हय. दारात ताल सोडला त्यानं, यजमानाच्या. माझ्या बापानं माझं डोस्कं फोडलं व्हतं, म्या बोटावर भागवलं." मग त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं आणि ते खुलले. "आन खरं सांगू का बाई, ते बोट सरळ राहिलं असतं तर ह्यो आज संबळ वाजवीत बसला असता. ह्याला लेखक म्या केला."

मी मास्तरांकडं बघितलं. बापाची मान खाली जाईल म्हणून या माणसानं किती वर्षं वाट बघितली असेल कुणास ठाऊक. बापाची मान ताठ होती, आणि पुस्तकाचं श्रेयही तो घेऊन बसला होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी मास्तरांना विचारलं, की मग पुस्तकात डावं का केलं?

"नायक पुढं लेखक होतो ना. उजवं मोडलं असतं तर हा लिहितो कसा, असं वाचकाला वाटलं असतं. पटलं नसतं."

"तू लिवतोसच की उजव्यानं," आप्पा म्हणाले.

आई कपबशा गोळा करून आत गेली.

उठताना मी दोघांनाही विचारलं, हे टाकू का? "टाका. खरं हाय ते," आप्पा म्हणाले. मास्तर म्हणाले, "सगळं टाका, ताई."

ती मुलाखत कुणी फारशी बघितली नाही. पण कुणीतरी त्यातलं एकच वाक्य कापून घेतलं, त्याच्या आगेमागे संबळाचे दोन ठोके लावले आणि पसरवलं. डावं न्हवतं, उजवं व्हतं. महिनाभरात ते पोराटोरांच्या तोंडी झालं. रस्ता चुकला की म्हणायचं, नवऱ्यानं भलतीच भाजी आणली की म्हणायचं. कॉलेजची मुलं एक बोट वाकडं करून फोनसमोर धरायची आणि आप्पांच्या आवाजावर ओठ हलवायची. माझ्या दुकानातही एकानं चुकीची गोळी परत करताना मला ते ऐकवलं.

आप्पांना आधी यातलं काहीच कळलं नाही. एक दिवस ते धाराशिवला आले, थेट दुकानात. कपाळावर मळवट, खांद्याला संबळाची पिशवी.

"बाई, लोकं फोटू काढत्यात माझ्यासंगं," ते म्हणाले. चेहरा फुललेला. "ष्टँडवर पोरांनी गराडा घातला. आपलं वाजवणं लई लांब गेलं म्हणायचं."

मी त्यांना तुकडा दाखवला. त्यांनी फोन हात लांब करून धरला, दोनदा बघितला.

"वाजवणं कुठंय?"

"ते कापलंय त्यांनी."

"मग हसत्यात कशाला?"

"तुम्ही बोललात त्याला."

"त्यात हसण्यासारखं काय हाय?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याची औषधं काढायला वळले.

बोटाची गोष्ट मूळ मुलाखतीतून लोकांना कळली आणि पुढं यजमानांचे फोन यायचे थांबले. एका जुन्या घरी बारशाचा गोंधळ होता, पिढ्यान्‌पिढ्या यांच्याकडचाच मान. पण सुनेनं सांगितलं, लेकराचा हात मोडणारा माणूस माझ्या लेकराच्या पाळण्यापाशी नको. हे आप्पांनी मला फोनवर सांगितलं. आवाजात राग नव्हता.

"बाई, एवढं करा. बोलणं काढा, वाजवणं ठेवा."

मी त्याच दिवशी सगळी मुलाखतच काढून टाकली. पण तो तुकडा माझा नव्हता. तो फिरतच राहिला.

इकडं मास्तरांच्या खाटेखाली पडून असलेली पुस्तकं संपली. वाचक मंडळं त्यांना बोलवायला लागली. भाषण झालं की कुणीतरी हळूच म्हणायचं, सर, बोट बघू. आणि ते दाखवायचे. दुसरी आवृत्ती निघणार म्हणून मी पुन्हा मुलाखत घ्यायला मुरुमला गेले, त्यांच्या भाड्याच्या खोलीवर.

"या आवृत्तीत उजवं करतोय," ते म्हणाले. "सगळ्यांना आता माहीतच आहे."

"आप्पांना कुणी बोलवेना झालंय. कळलं का?"

"कळलं."

"काही वाटतं?"

ते विचार करून बोलणारे गृहस्थ आहेत. खिडकीतून बाहेर बाजारात हळदीची पोती उतरत होती, ती बघत ते म्हणाले, "वाटायला पाहिजे, हे मला कळतं. पण खरं सांगायचं तर बरं वाटतं. सकाळी जाग आली की आधी तेच आठवतं. मग दिवस चांगला जातो."

मी फोन बंद करायला हात पुढं केला.

"राहू द्या," ते म्हणाले. "हेही टाका."

ते मी टाकलं नाही.

माझ्या दुकानात कामाला असलेल्या मुलीचं लग्न लोहाऱ्याच्या बाजूला, एका मंगल कार्यालयात झालं. संध्याकाळी गोंधळ होता, आणि बोलावलं होतं आप्पांनाच. नवरदेवाच्या मित्रांनी मुद्दाम हट्ट धरला होता, तेच उजवं बोटवाले पाहिजेत म्हणून. नवरदेव मुरुमच्या कॉलेजात शिकलेला, त्यामुळं मास्तरही आले होते. बाप येणार हे त्यांना माहीत नव्हतं.

आप्पांनी गण म्हटला, देवीला आवाहन केलं, सगळं रीतीप्रमाणं. मग मध्येच थांबले आणि एक बोट वर केलं. मांडव ओरडला. आप्पांनी संबळाच्या जोडीतल्या डाव्या नगाऱ्यावर घुमवत वाजवलं, डावं न्हवतं. उजव्यावर कडक काडी पडली, उजवं व्हतं. तोंडानं ते बोललेच नाहीत, संबळच बोलला. पुन्हा एकदा, दुप्पट लयीत. मग पुन्हा, ठोके उलटे करून. मी त्यांचं वाजवणं अनेकदा ऐकलंय, पण इतकं चोख, इतकं नवं त्यांनी कधी वाजवलं नव्हतं. लोक हसत होते आणि हसता हसता ताल धरत होते.

मग त्यांनी वाजवता वाजवता लहान मुलाचा आवाज काढला. "आप्पा, नगं. आप्पा, पुन्यांदा न्हाय चुकणार. आप्पा, नगं." हुंदका, मग ठोका. हुंदका, ठोका. बायका पदर तोंडाला लावून वाकून वाकून हसत होत्या.

मास्तर जेवणाच्या टेबलांपाशी ताट घेऊन उभे होते. कुणीतरी त्यांना ओळखलं. "अरे, हेच ते सर." त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं गेलं, दोघातिघांनी त्यांना हसत हसत पुढं आणलं. आप्पांनी लेकाला बघितलं. हात थांबले नाहीत. नजर मात्र त्याच्यावर रोखलेली, वाजवणाऱ्या शागिर्दाकडं बघावं तशी. फोन वर झाले. मास्तर हसले, वाचकांसमोर हसायचे तसंच, आणि उजवा हात वर करून बोट दाखवलं. आप्पांनी बरोबर त्याच क्षणी शेवटचा ठोका दिला. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या.

मास्तर मला बाहेर हात धुवायच्या हौदापाशी भेटले. नळ सोडून नुसते उभे होते.

"ते रडणं मी पुस्तकात घातलं नव्हतं," ते म्हणाले. "लाज वाटली म्हणून गाळलं होतं. त्यांच्या मात्र लक्षात आहे, ताई. शब्द न्‌ शब्द. माझा आवाजसुद्धा."

दुसरी आवृत्ती निघाली नाही. ते आता लिहीत नाहीत. आप्पांना त्या हंगामात एकही दिवस मोकळा मिळाला नाही. मीही त्यांना गाठून विचारलंच, कारण विचारायची मला सवय आहे.

"लोकं मला हसत व्हती," ते म्हणाले. "आता म्या हसवतो. ह्यात फरक हाय, बाई."

"आणि मास्तर?"

"त्यानं आधी लिवलं," ते म्हणाले आणि काड्यांना तेल लावत बसले.

पावसाळ्याच्या शेवटी मास्तरांची आई मला तुळजापूरच्या बसस्टँडवर भेटली. मुरुमला निघाली होती, हातात लेकासाठी केलेल्या शेंगाच्या पोळ्या. बस यायची होती. मी तिला कधीच काही विचारलं नव्हतं, ती ना लेखक ना वादक. तीच बोलली.

"पुस्तकात म्या घरात न्हाय म्हणं."

"हो, आई बाहेर गेलेली असते."

"व्हते की म्या. ह्यास्नी एकट्यानं कसं जमलं असतं? पोरगं हात मागं घ्यायचं. हे म्हणले धर, म्हणून म्याच मनगट धरलं पायरीवर." पोळ्यांचं फडकं तिनं मांडीवर नीट केलं. "पोरानं मला वाचवलं, का लिवण्यातनंच काढून टाकलं, ते काय कळंना."

"विचारा त्यांना."

"कशाला? बोलायचा तेवढा बंद व्हईल."

बस आली. तिला गर्दीत जागा मिळाली नाही. ती कंडक्टरच्या सीटमागं पोळ्या छातीशी धरून उभी राहिली आणि बस उमरग्याच्या रस्त्याला लागली.