खाज कोपराला, रोग आतड्यात

त्वचेच्या डॉक्टरला किस्से शोधत फिरावं लागत नाही. पेशंट बाही वर करतो आणि एक किस्सा टेबलावर ठेवून जातो. नव्वदीच्या दशकात सांगलीत माझा दवाखाना होता. त्यातले हे फक्त गव्हाचे. प्रत्येक वेळी मी हादरलोय!

माण तालुक्यातला एक फौजी हवालदार. कोपरं, गुडघे, ढुंगण, सगळीकडे बारीक फोड. रक्त निघेपर्यंत खाजवायचा. पण दोन महिने सुट्टीवर गावी आला, की बराच आराम!

"गावाकडे काय खाता?"

"भाकरी. तिकडं ड्यूटीवर चपात्या."

"पोटाची काही तक्रार?"

"आवं, दगूड पचतोय मला!"

तरी मी त्याला सुधीरकडे पाठवलं. सुधीर माझा मित्र, पोटाचा डॉक्टर. त्यानं तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट हातात पडताच तो स्कूटरवरून थेट माझ्याकडे आला.

"अरे, अस्तर मखमलीसारखं हवं. गव्हानं याचं फरशीसारखं सपाट झालंय! आणि म्हणे दगड पचतो!"

गहू बंद केला, सोबत खाजेची गोळी दिली. दोन दिवसांत खाज गेली. आठवड्यानं त्याचा भाऊ तणतणत आला.

"डाक्टर, ही महारोगाची गोळी हाय! आमाला म्हाईत हाय!"

घरात हवालदाराचं ताट वेगळं काढलं होतं. बायको पोरांना घेऊन माहेरी गेली होती. मी समजावलं, "गोळी तीच, पण रोग वेगळा. हा कुणाला लागत नाही."

भावानं डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "त्येचं अंथरूण जाळलं की ओ आमी!"

सांगलीतल्याच एक शिक्षिका, आजार तोच. घरात गव्हाचा कण नाही, तरी फोड येतच होते. सुधीरनं पुन्हा तपासलं, आतडं जैसे थे. मी चिडलो, "बाई, तुम्ही चोरून खाताय!" त्या रडतच गेल्या.

दुसऱ्या दिवशी हिंगाची डबी घेऊन आल्या. "दुकानदाराला विचारलं. यात निम्मी कणीक असते, डॉक्टर. मी रोज फोडणीत घालते."

मी उभं राहून माफी मागितली.

आणि इस्लामपूरची ती सून. ऊसवाल्यांचं बागायती घर, रोज चपाती. खाजेसाठी सासू घेऊन आली होती. सून पांढरीफटक, तीनदा दिवस गेले, तीनदा पोट पडलं. तिच्यासमोरच सासू म्हणाली, "औंदा पोराचं दुसरं लगीन करायचं हाय."

हिचंही आतडं सपाट निघालं. मी म्हणालो, "गहू सोडून बघा. कदाचित मूलही राहील. लग्नाचं एक वर्ष थांबवा."

दीड वर्षानं दोघी आल्या. सुनेच्या मांडीवर मुलगी!

मी सहज विचारलं, "हा आजार रक्ताच्या नात्यात असतो. हिच्या माहेरी कुणाला आहे का?"

"ही माझ्या भावाचीच ल्येक," सासू म्हणाली. पदर सारून तिनं कोपर पुढं केलं. तेच फोड, तेच जुने काळे डाग.

"तीस वर्सं खाजवतीया. माझी बी चार गेली, एक बी ऱ्हायलं न्हाई. मग मालकांनी सवत आणली. हिचा नवरा त्या सवतीचा."

ती नातीकडे बघत राहिली.

"म्हंजे माझी वैरीण चपाती हुती व्हय, डाक्टर?"