पातळ काचेची कुपी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामा म्हणत. नमुने करावेत तर मामांनीच! बाटल्यांत जीवाणू वाढवायचे, त्यांतलं प्रकाश टिपणारं हिरवं प्रथिन वेगळं काढायचं, ग्लिसरीनमध्ये मिसळून काचेच्या कुपीत भरायचं आणि तडा न जाऊ देता गोठवायचं. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई त्यावर लेसरचे ठोके मारत. ठोक्यासरशी रेणू एका तालात थरथरतात. भोवताल ती थरथर हिरावून घेतो, पण लगेच विसरत नाही, थोडी परतही करतो. ठोके नेमक्या वेळी दिले तर थरथर हवी तेवढी टिकवता येईल, असं बाईंचं म्हणणं. आणि अकरा वर्षं पडद्यावर दिसणारी त्या थरथरीची लाट खरंच लांबत होती.

"ह्यांना घरात दूध उतू गेलेलं कळत नाही, रेणू थरथरलेला मात्र कळतो," मामी म्हणायच्या.

तुलनेसाठी मामा प्रथिनाशिवाय नुसत्या ग्लिसरीनचाही नमुना करत. तो नेहमीच्या जाड कुपीत हटकून तडकायचा, म्हणून पहिल्याच वर्षी त्यांनी त्याच्यापुरती पातळ काचेची कुपी शोधून काढली. तिच्यात रेघ कायम सपाट यायची. बाईंनी पाठ थोपटली होती.

त्या मंगळवारी पातळ कुपी धुताना फुटली. मामांनी जाड कुपीतच ग्लिसरीन गोठवलं. चारदा तडकलं, पाचव्यांदा जमलं. लेसर सुरू केला आणि पडद्यावर लाट उठली. तीच लाट. ठोके बदलले तशी लांबलीही. आत प्रथिनाचा थेंब नव्हता. इतकी वर्षं थरथरत होती ती जाड काच.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कुपी नळाखाली धरून वितळवली असती तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. मामांच्या मनात ते येऊनही गेलं. मग त्यांनी बाईंना हाक मारली आणि काय झालं ते सांगितलं.

बाईंनी स्वतः एकदा ठोके देऊन पाहिले. "ती पातळ कुपी कधीपासून वापरताय?"

"पहिल्यापासून. तुम्ही शाबासकी दिली होतीत."

बाई खाली बसल्या. सगळं मुसळ केरात गेलं होतं आणि रागवायला तिसरं कुणी नव्हतं.

"माझंच चुकलं, बाई."

"मी विचारायला हवं होतं."

यानं दोघांनाही बरं वाटलं नाही. मामांनी टेबल पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"उद्यासाठी जीवाणू वाढायला ठेवू ना?"

"कशासाठी, मामा?" बाईंनी विचारलं. चिडून नाही, त्यांना खरंच माहीत नव्हतं.