हारासाठी जागा

"मॅडम, हा वाघ आहे का मांजराचं पिल्लू?" शेवंताबाईंनी विचारलं आणि अख्खी ग्रामसभा खो-खो हसली.

मी चंद्रपूरची ग्राफिक डिझायनर. काम सिंदेवाहीकडच्या एका गावाचं. मोहफुलं वेचायला बाया अंधारातच जंगलात जातात, आणि वाकलेली बाई वाघाला जनावर वाटते. म्हणून वनखात्याच्या साहेबांना इन्फोग्राफिक हवं होतं, म्हणजे चित्रांतूनच सगळं सांगणारा फलक. उजाडल्यावर जा, चौघी मिळून जा, एकीने उभं राहून राखण करा. मोह गळायला लागला होता. गावाजवळ पिल्लांची वाघीण फिरत होती. आणि शेवंताबाई सगळ्यांच्या आधी, एकट्याच निघायच्या!

माझा पहिला वाघ कार्टून होता. गोल डोळे, गुलाबी गाल. "याले भ्यायचं काऊन?" म्हणत लोकांनी त्याच्यासोबत सेल्फी काढले.

दुसरा लालभडक, जबडा फाडलेला. साहेब खूश. "आता घाबरतील!"

घाबरले ना, पण फलकालाच. कोणीतरी त्यावर पोतं टाकलं.

"सकाळी सकाळी असं थोबाड कोण पायते?" शेवंताबाई म्हणाल्या. मला रडूच यायचं बाकी होतं.

परत निघाले तर शिवेवर वाघोबा दिसला. शेंदूर माखलेला, मोठ्या डोळ्यांचा, शांत. येणारा-जाणारा थांबून हात जोडत होता. अगं बाई, थांबत होता! मला तेवढंच तर हवं होतं.

तिसरा वाघ तसाच काढला.

"हा वाघासारखा दिसत नाही," साहेब म्हणाले.

"देवासारखा दिसतो, सर. लावून तर बघू."

फलक लागला. बाया थांबल्या, हात जोडले, खालची चित्रं निरखून पाहिली. मी हुश्श केलं. पण काही दिवसांनी गेले तर वाघाच्या गळ्यात हा भला मोठा हार, आणि त्याखाली सगळ्या सूचना गडप!

"शेवंताबाई, हार काढा ना. काही दिसत नाही."

"देवाचा हार काढू? काईतरीच तुमचं! रोज हार घालूनच आम्ही जंगलात जातो."

"पण मग जाता कधी?"

"उजाडल्यावर. हार ओवाले उजेड लागते ना! अन् एकटीनं देवाचं कराचं नाई, म्हणून चौघी जमतो."

 मग दोघीही पोट धरून हसलो.

मोहाचा हंगाम संपला. गावातल्या सगळ्या बाया धडधाकट घरी आल्या, शेवंताबाईसुद्धा. दुसऱ्या गावांसाठी साहेबांनी स्वतःच फोन केला, "तोच वाघ द्या."

दिला. फक्त आता गळ्याशी हारासाठी जागा सोडली, आणि सूचना त्या जागेच्या खाली घेतल्या.