प्रमोददादाची रेष चुकली

प्रमोददादाची रेष चुकली. काल कळलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

दादा माझा चुलतभाऊ, नवेगाव बांधचा. फिजिक्सवाला. प्रोटॉनवर प्रकाश मारला की मेसॉन नावाचा कण बाहेर पडतो. किती पडतील, कोणत्या कोनात जातील, ते हा मॉडेल मांडून आधीच सांगायचा. ग्राफवर त्याची एक रेष यायची. प्रत्यक्ष प्रकाश मारणारे लोक परदेशात.

मी बारावीनंतर कुठेच टिकलो नाही. मला एवढंच समजलं.

एकदा बोदलकस्याचा तलाव पाहायला निघालो आणि पोहोचलो दादाच्या घरी. (लंबी स्टोरी आहे, गाडीची चूक.) त्याच्या गावच्या तलावावर मोठे बाबा, म्हणजे त्याचे वडील, जाळं ओढत होते.

"काऊन रे, प्रोटॉनच्या आत कोनं पायलं?"

"कोनीच नाही बाबा. आत एक कण बनते अन् लगेच फुटते. बाहेर काय आलं त्यावरून ओळखाचं."

"म्हंजे अंदाज. अंदाज त मीबी करतो. माझ्या अंदाजाची भाजी होते."

दादा सगळ्यात जास्त हसला. भाजी खरंच टॉप होती. असो.

मग दादाची किडनी गेली. डायलिसिस. घरूनच काम.

सोबत काम करणाऱ्या मॅडमचा फोन यायचा, स्पीकरवर. "मागच्या कोनात जुना डेटा धड नाही, पण तुझी रेष खाली वाटते. मॉडेलमध्ये आतला अजून एक कण टाक ना. रेष डेटावर बसेल." (मागचा कोन म्हणजे कण उलट मागे फेकले जातात तो.)

"नुसती रेष उचलायले? नाही टाकत."

मी म्हटलं, "टाकून दे ना बे, कोण पाहते?"

"टाकला त काहीबी बसते. मंग आत खरंच कोनी हाये का, हे कसं कळन?"

"अन् परदेशातल्या त्या नव्या प्रयोगात रेष चुकली तर?" मी विचारलं.

"जुळली त मी बरोबर. नाही जुळली त आत अजून कोनीतरी हाये. दोन्हीत मजा हाये. फक्त मले कळलं पाहिजे."

रिझल्ट यायच्या आधीच तो गेला.

काल मॅडमचा फोन आला. समोरच्या कोनात रेष बरोबर. मागच्या कोनात प्रयोगाचे सगळे ठिपके तिच्या बरेच वर.

मोठ्या बाबांना सांगितलं. ते जाळं शिवत होते.

"म्हंजे पोट्टा चुकला?"

"हो."

"अन् आत अजून कोनी हाये?"

"तसंच दिसते."

त्यांनी दोरा दाताने तोडला.

"मंग सांग त्याले. वाट पाहून रायला असन."

म्हणून हे लिहून राहिलो.

दादा, नाही जुळली.

आत अजून कोणीतरी आहे.

ये आता. मनापासून निरोप.